पहिला संशय

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त बेंगळुरू परिसरात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा येलहंका येथे भरला होता. त्या वेळी एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण.)



'शाळेने मला काय दिले' या विषयावर बोलावे, असे संयोजकांनी सुचवले होते. शाळेने दिलेल्या गोष्टींवर माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम सांगितले. म्हणून शाळेने माझ्याकडून जे काढून घेतले होते, त्याविषयी मी बोलणार आहे. इयत्ता सातवी ते नववी या काळात माझ्या दप्तरातून एकूण पाच रहस्यकथा जप्त झाल्या. त्यांपैकी तीन परत मिळाल्या. उरलेल्या दोन शिक्षकदालनात कोण वाचत होते, हे रहस्य आजतागायत उलगडलेले नाही.

आमच्या पिढीला ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात मिळत नसत. बाजारपेठेतल्या एका वाचनालयातून दहा पैसे रोजाने ती आणावी लागत. मुलगी असल्यामुळे मला ती धाकट्या भावाच्या नावावर आणावी लागत. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मला तिथेच भेटले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने किती कष्टकरी माणसांना वाचनाची गोडी लावली, याचा हिशेब वाङ्मयाच्या इतिहासाने नीट मांडलेला नाही, असे मला वाटते. पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. त्याआधी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे होताच. त्याला मात्र घरात उघडपणे वाचता येई.

त्या वाचनालयातल्या एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणा दुष्टाने पेन्सिलीने लिहून ठेवले होते, 'खून मामाने केला आहे.' मी हिरमुसले. पण दहा पैसे भरलेले होते, म्हणून वाचत गेले. शेवटी कळले, की त्या कादंबरीत मामा नावाचे पात्रच नव्हते. मधल्या दीडशे पानांत मी मात्र प्रत्येक वयस्क पुरुषाकडे 'हाच मामा' म्हणून पाहत होते. एखाद्याच्या मनात संशय रुजवायला एक पेन्सिल पुरते, हा धडा मला तेव्हाच मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. त्याकडे मी पुढे येईनच.

आधी माझी वाचक म्हणून काही मते सांगते. आपण ज्यांना सरसकट रहस्यकथा म्हणतो, त्यांत दोन वेगळी घराणी आहेत. एक साहसाचे. तिथे नायक वेषांतर करतो, पाठलाग करतो, दुष्टांना वठणीवर आणतो. अर्नाळकरांचे नायक या घराण्याचे. दुसरे घराणे शोधाचे. तिथे कोणी फारसे धावत नाही. माणसे बोलतात, चहा पितात, खोटे बोलतात, आणि एखादी व्यक्ती ते लक्षपूर्वक ऐकत असते. पहिल्या घराण्यात 'पुढे काय होणार' याची उत्कंठा असते, दुसऱ्यात 'मागे काय घडले' याची. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स मला पहिल्या घराण्यातून दुसऱ्यात घेऊन गेला, आणि ॲगाथा ख्रिस्तीने तिथे कायमचे राहायला जागा दिली.

ख्रिस्तीबाईंची पहिली कादंबरी १९२० साली प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धात त्या रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत असत. त्यांच्या कथांतल्या विषांचे अचूक ज्ञान तिथले. त्यांचा पॉयरो प्रसिद्ध आहे; पण माझे मन रमते ते मिस मार्पलपाशी. 'मर्डर ॲट द व्हिकारेज' या १९३० सालच्या कादंबरीत ही खेड्यातली अविवाहित वृद्धा विणकाम करता करता खून उलगडते. तिची पद्धत अगदी घरगुती आहे. एखाद्या संशयिताकडे पाहून तिला गावातला एखादा नोकर, दुकानदार किंवा भाचा आठवतो, आणि माणूस कोणत्या मोहाला बळी पडतो हे तिला उमगते. हे वाचताना मला आमच्या वाड्यातल्या काकू आठवत. कोणाच्या दारात कोणाची चप्पल किती वेळ होती, आणि कोणाकडे आज साखर मागायला कोणी आले नाही, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. वाड्यात आणि चाळीत मिस मार्पल अनेक होत्या. त्यांच्या निरीक्षणाला आपण भोचकपणा म्हटले आणि विषय संपवला. माझ्या वाचनात तरी, या काकूंना नायिका करून सगळे धागेदोरे वाचकासमोर मोकळे ठेवणारी कादंबरी मराठीत अभावानेच आली. समोर बसलेल्या तरुण लेखिकांनी याची नोंद घ्यावी.

अशा कथांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. मी त्यांना घरगुती रहस्यकथा म्हणते. रक्तपात पडद्याआड असतो, गाव लहान असते, शोध घेणारा बहुधा हौशी असतो आणि शेवटी सारे स्थिरस्थावर होते. अनेक विद्वानांना त्या पोरकट वाटतात. मला त्यांतली एक गोष्ट मोलाची वाटते, आणि ती म्हणजे सचोटी. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांचे सार असे, की शोधकाला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दिसला पाहिजे. लेखकाने दुवा लपवायचा तो उघड्यावर ठेवून. म्हणून चांगली रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचली की वाचक लेखकावर रागावत नाही, स्वतःवर हसतो. सगळे समोर होते, आपणच चुकीच्या माणसाकडे पाहत बसलो होतो.

आता इयत्ता आठवीची हकिकत सांगते. सहलीची वर्गणी गोळा होत होती. एके दिवशी मधल्या सुटीनंतर ३६ रुपये नाहीसे झाल्याचे लक्षात आले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. सुटीत वर्गात एकच मुलगी थांबली होती. ती बहुतेक दिवशी थांबत असे, कारण तिच्याकडे डबा नसे. तिने सहलीची वर्गणीही भरलेली नव्हती. मी तोपर्यंत शेकडा दीडशे रहस्यकथा वाचून स्वतःला गुप्तहेर समजत होते. मी सर्वांसमक्ष उभी राहिले आणि युक्तिवाद केला: संधी फक्त हिला होती, गरज फक्त हिला आहे. वर्गाला ते पटले. त्या मुलीचे दप्तर टेबलावर उलटे करण्यात आले. ते मी केले नाही, पण माझ्या बोलण्यावरून झाले.

तेवढ्यात वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी दप्तर आधी भरून दिले. मग म्हणाल्या, "पैसे दिसत नाहीत, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. ते चोरीला गेले, हे कोणी ठरवले?" आणि त्यांनी तीन साधे प्रश्न विचारले. पैसे शेवटी कोणी मोजले? कशावर ठेवून मोजले? त्यानंतर टेबलावरून कोणती वस्तू हलली? पैसे मी मोजले होते, मी वर्गप्रमुख होते. हजेरीपुस्तकावर ठेवून मोजले होते. आणि हजेरीपुस्तक सुटीत कार्यालयात गेले होते. त्याच्या खाकी वेष्टनाच्या घडीत सगळ्या नोटा सापडल्या.

रहस्यकथा असती तर ती इथे संपली असती. आमच्या वर्गात ती संपली नाही. त्या दिवसानंतर ती मुलगी मधल्या सुटीत वर्गात थांबली नाही. डबा असो वा नसो, ऊन असो वा पाऊस, घंटा झाली की ती बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसे. एकटी वर्गात राहण्याची चैन तिला आता परवडणारी नव्हती. हे मी वर्षभर रोज पाहिले आणि त्याचा अर्थ मला कळत होता. तरी मी तिच्यापाशी जाऊन काही बोलले नाही.

म्हणून मला प्रिय असलेल्या या कथाप्रकाराविषयी माझी एक तक्रारही आहे. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार सापडतो आणि बाकीचे संशयित सुटकेचा निःश्वास टाकून चहाला बसतात. त्यांच्यावर दोनशे पाने जो संशय होता, तो जणू टॉवेलने पुसावा तसा निघून जातो. प्रत्यक्षात तसे होत नाही. ख्रिस्तीबाईंना हे ठाऊक होते. १९५८ सालच्या 'ऑर्डील बाय इनोसन्स' या कादंबरीत खुनाबद्दल शिक्षा झालेला मुलगा तुरुंगात मरण पावलेला आहे. पुढे एक साक्षीदार येतो आणि तो निर्दोष होता हे सिद्ध करतो. घरच्यांना आनंद होत नाही. कारण आता खुनी त्यांच्यापैकीच कोणीतरी आहे, आणि जोवर तो सापडत नाही तोवर एकही निरपराध माणूस निर्धास्त नाही. शेवट मी सांगणार नाही. तो सांगणे हा आमच्या पंथात गुन्हा आहे. पण रहस्यकथेचा खरा विषय कोणता, ते मला या पुस्तकाने शिकवले. अपराध्याला पकडणे हे अर्धे काम, निरपराध्याला मोकळे करणे हे उरलेले अर्धे.

होम्सच्या निर्मात्याने तर हे कागदाबाहेरही केले. जॉर्ज एडलजी हा इंग्लंडमधला तरुण वकील. त्याचे वडील शापूरजी हे मूळचे मुंबईचे पारशी, तिकडे जाऊन ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. त्यांच्या गावात रात्री कोणीतरी जनावरांना भोसकत होते. १९०३ साली त्याबद्दल जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक तसाच होता. आर्थर कॉनन डॉयल त्याला भेटायला गेले, तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचत बसला होता. डॉयल डॉक्टर होते, नेत्रविकारांचे शिक्षण घेतलेले. इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोख्या रात्री शेते तुडवीत जाऊन हे करील कसा, असा त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर सवाल केला. १९०७ साली एडलजीला माफी मिळाली, भरपाई मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले. त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता. गावाला परक्या रंगाचा माणूस दिसला होता. त्याची अधू दृष्टी डॉयलना दिसली.

आता थोडे इथले. आपण येलहंक्यात बसलो आहोत. बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा इथलेच. आज या परिसरात आपल्यासारखे कितीतरी जण बाहेरून येऊन उंच इमारतींत राहतात. आमच्या गृहसंकुलात गेल्या वर्षी एक पार्सल हरवले. पाच मिनिटांत रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर एका घरकाम करणाऱ्या बाईंचे छायाचित्र आले. दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात त्या जिन्यावरून जाताना दिसत होत्या. खाली मजकूर होता, 'कृपया सावध राहा.' मला आठवीचा वर्ग आठवला. मी गटावर बाईंचे तीन प्रश्न लिहिले: पार्सल शेवटी कोणाच्या हातात होते, ते कुठे ठेवले, नंतर काय हलले? संध्याकाळी ते वरच्या मजल्यावरच्या त्याच क्रमांकाच्या दारापाशी, चपलांच्या कपाटावर सापडले. छायाचित्र काढून टाकण्यात आले. पण ते शंभर घरांत पोहोचलेले होते. त्या बाईंनी महिन्याभरात आमच्या इमारतीतले काम सोडले. आम्हां वाड्यातल्या माणसांकडे निदान पेन्सिलच होती. आजच्या संशयाला पंख आहेत.

पालकहो, म्हणून एक विनंती. मुले मराठी वाचत नाहीत, ही तक्रार या शहरात आपण सारेच करतो. त्यांना उपदेशपर पुस्तके देण्याआधी फास्टर फेणे देऊन पाहा. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा देऊन पाहा. रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचा, ऐन रंगात आले की पुस्तक मिटा, आणि उद्यापर्यंत विचार करायला सांगा. रहस्यकथेत ओळ गाळून चालत नाही. परक्या प्रांतात भाषा टिकवायला एवढी चिकाटी पुरते. शेजारच्या कन्नड घरातल्या आजोबांना एन. नरसिंहय्यांच्या कादंबऱ्यांविषयी विचारा. त्यांचा चेहरा खुलेल. कन्नडमध्ये अशा पुस्तकांना 'पत्तेदारी' कादंबरी म्हणतात, आणि 'पत्ता लावणे' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि मुलांना एक सवय लावा. निम्मे पुस्तक झाले की त्यांनी आपला संशयित कागदावर लिहून ठेवावा. शेवटी तो बहुतेकदा चुकीचा निघेल. आपण खात्रीने चुकू शकतो, हे समजण्याची याहून स्वस्त शाळा मला ठाऊक नाही. मी तो धडा पुस्तकातून घेतला असता, तर दुसऱ्या कोणाला त्याची किंमत मोजावी लागली नसती.

हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे, असे मला सांगण्यात आले आहे. त्या मैत्रिणीचे नाव मी घेतलेले नाही, घेणारही नाही. ती आज कुठे आहे, हे मला ठाऊक नाही. पण स्मरणिका दूरवर जातात. ही तिच्या हाती पडली, तर आठवीच्या वर्गात उभी राहून मी जे बोलले, त्याच्या जागी आज तितक्याच मोठ्याने, सर्वांसमक्ष सांगते: तू पैसे घेतले नव्हतेस. मला काहीच ठाऊक नव्हते, आणि मी चुकले.