हृदय थांबल्यानंतरची चार मिनिटे



दिनांक 22 ऑक्टोबर 2016 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘नाट्यत्रिविधा’ हा कार्यक्रम चालू होता. सुप्रसिद्ध अभिनेत्री व नृत्यांगना अश्विनी एकबोटे या नृत्य करीत असतानाच रंगमंचावर कोसळल्या. त्यांना रुग्णालयात नेण्यात आले, परंतु त्यांचे प्राण वाचले नाहीत. त्यांचे वय अवघे 44 वर्षांचे होते. साऱ्या पुणे शहराने त्या दिवशी हळहळ व्यक्त केली. मृत्यू असा अवचित येतो, आणि निष्णात वैद्य व मोठी रुग्णालये यांची वाण नसलेल्या शहरातही येतो. मग जेथे रुग्णालय दहा-वीस मैल दूर आहे, अशा खेड्यात तो आला तर काय करावे, हा प्रश्न गावातील प्रत्येक जाणत्या माणसापुढे उभा राहतो. गावचा शिक्षक हा अशा जाणत्यांपैकी पहिला होय.

या विषयात प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘हृदयविकाराचा झटका’ आणि ‘हृदय बंद पडणे’ या दोन गोष्टी व्यवहारात एकच मानल्या जातात, पण त्या एक नव्हेत. शेताला पाणी देणारा एखादा पाट गाळाने तुंबला तर तेवढ्या भागातील पीक सुकते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की असेच होते, आणि त्याला झटका म्हणतात. त्यात रोग्याच्या छातीत कळा येतात, दरदरून घाम सुटतो, तरी तो बहुधा शुद्धीवर असतो. परंतु विहिरीवरची मोटारच थांबली तर सर्व शेताचे पाणी तुटते. हृदय बंद पडणे ते हे. झटक्यातून हा प्रसंग उद्भवू शकतो, त्याचप्रमाणे विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, अंगावर वीज पडणे यांमुळेही उद्भवतो.

पुष्कळदा अशा वेळी हृदय एकदम निश्चल होत नाही. त्याचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरत राहतात व रक्त पुढे ढकलले जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. मेंदूला प्राणवायूचा साठा करून ठेवता येत नाही, म्हणून सुमारे चार मिनिटांनंतर त्याला इजा होऊ लागते. कोणीच काही केले नाही, तर दर मिनिटागणिक रोगी वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. आणीबाणीची खरी मुदत एवढीच आहे.

या मुदतीवर माणसाने जो उपाय शोधला, त्याचा इतिहास शिक्षकांना रुचेल असाच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबलेले हृदय चालविण्याचा रूढ मार्ग म्हणजे छाती उघडून ते हाताने दाबणे हा होता. अर्थात तो शस्त्रक्रियागृहाबाहेर अशक्यच होता. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत्‌शास्त्राचे अभियंते काम करीत. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने दगावतात, त्यांना वाचवावे कसे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हृदयाला बाहेरून विजेचा ठोका देऊन त्याची थरथर थांबविण्याचे प्रयोग ते कुत्र्यांवर करीत. 1958 च्या सुमारास त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. वीज सोडण्यापूर्वी यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की प्राण्याचा रक्तदाब किंचित वर जातो. छाती न उघडताही रक्त फिरविता येते, असा याचा अर्थ होता. शस्त्रवैद्य जेम्स ज्यूड यांनी हाच उपाय रुग्णांवर योजिला, आणि जुलै 1960 मध्ये या तिघांनी 20 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील 14 वाचले होते. या उपायास यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात, हा त्यांचा निष्कर्ष जगभर पोहोचला. त्याआधी 1950 च्या दशकात जेम्स एलाम व पीटर साफर यांनी तोंडाने दिलेल्या श्वासातही दुसऱ्याला पुरेल इतका प्राणवायू असतो, हे सिद्ध केले होते.

आपल्या राज्यात 2014 साली 108 या क्रमांकाची तातडीची वैद्यकीय सेवा सुरू झाली. आरंभी तिच्याकडे 937 रुग्णवाहिका होत्या. तिचे मध्यवर्ती नियंत्रण केंद्र पुण्यात औंध येथे उभारण्यात आले. दुर्गम गावातून लावलेला दूरध्वनी तेथे घेतला जातो व जवळची गाडी रवाना होते. ही सोय मोलाची आहे. परंतु गाडी कितीही वेगाने आली तरी खेड्यात ती चार मिनिटांत पोहोचेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. दूरध्वनी आणि गाडी यांमधील वेळ जवळच्या माणसानेच भरून काढावयाचा असतो.

तो कसा भरावा? भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेने 2017 मध्ये सामान्य जनांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत प्रसृत केली. तिचा क्रम असा. प्रथम जागा निर्धोक आहे हे पाहावे. पडलेल्या माणसाचे खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. उत्तर नसेल, तर जवळच्या एकाला नेमके बोलावून 108 ला दूरध्वनी करण्यास सांगावे. छातीची हालचाल पाहावी. श्वास नसेल, अथवा अधूनमधून आचके येत असतील, तर हृदय थांबले असे समजावे. आचक्यांना श्वास समजणे ही नेहमीची चूक आहे.

मग त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवावे. बाजूला गुडघे टेकून एका हाताचा तळवा छातीच्या मध्यभागी, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवावीत आणि खांद्यांचे वजन टाकून छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबावी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटाला 100 ते 120 दाब, हा वेग राखावा. हे काम दमविणारे असते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. गाडी येईपर्यंत किंवा रोगी हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये.

काही प्रसंगी विशेष सावधगिरी हवी. शेतातील मोटारीचा धक्का बसला असेल, तर वीज तोडल्याखेरीज त्या माणसाला शिवू नये. मात्र आकाशातील वीज पडलेल्याच्या अंगात वीज उरत नाही, त्याला शिवण्यास भय नाही. विहिरीत बुडालेल्या मुलाला पाणी काढण्यासाठी उलटे टांगण्यात मोलाचा वेळ वाया जातो. त्याला आधी श्वासाची गरज असते, म्हणून तोंडाने श्वास देऊन मग दाब द्यावेत. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगविणे, यांचा उपयोग नाही. पाण्याने अपाय मात्र होतो.

शाळेचा संबंध येथेच येतो. 12 वर्षांपुढील मुलांना वर्षातून दोन तास हे शिक्षण द्यावे, या आंतरराष्ट्रीय आवाहनास जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये पाठिंबा दिला. सातवीतील मुले याच वयाची असतात. डेन्मार्क देशाने 2005 मध्ये शाळांतून हे शिक्षण आवश्यक केले व इतरही उपाय योजिले. तेथे 2001 मध्ये शेकडा 21 रोग्यांना जवळच्या माणसांकडून असे साहाय्य मिळत असे, 2010 मध्ये ते शेकडा 45 झाले. त्याच काळात महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा साडेतीनवरून जवळजवळ अकरावर गेले. या वाढीला अनेक कारणे असतील, परंतु साध्या माणसांचे हात हे त्यांतील एक होते यात संशय नाही.

याच आकड्यांत दुसरेही सत्य आहे. सर्व प्रयत्न करूनही बहुतेकांचे प्राण वाचत नाहीत. ज्याने दाब दिले त्याने स्वतःला दोष देऊ नये, आणि गावानेही त्यास दोष लावू नये. निपचित पडलेल्या माणसाची स्थिती त्याच्या हातून अधिक वाईट होण्याजोगी नसते. भय धरून नुसते पाहत राहिल्यास जी आशा असते तीही जाते.

जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना शाळेत एकदा पाचारण करून हा क्रम प्रत्यक्ष शिकून घ्यावा. पुढचा सराव घट्ट भरलेल्या उशीवर होऊ शकतो. जागत्या माणसाच्या छातीवर मात्र तो कधीही करू नये. शाळेच्या भिंतीवर 108 हा आकडा ठळक लिहून ठेवावा आणि गावाचे नाव, रस्ता व ओळखीची खूण दूरध्वनीवर स्पष्ट सांगण्याची सवय मुलांना लावावी. पाढे म्हणताना जो ताल मुलांच्या जिभेवर बसतो, तो या कामी त्यांच्या हातांत उतरविता येईल, आणि ते काम शिक्षकाइतके चांगले दुसऱ्या कोणास साधणार नाही.