जपणूक की अडवणूक?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



होस्टेलची वेळ, सहलीची परवानगी, संध्याकाळचा सराव. मुलींच्या बाबतीत दर ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं, "तुमच्या काळजीपोटीच सांगतोय." या काळजीचा इतिहास बघायला मी आज तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मैदानावर नेणार आहे.

१८७३ साली एडवर्ड क्लार्क या हार्वर्डच्या डॉक्टरांनी पुस्तक लिहून बजावलं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला, तर सगळी शक्ती मेंदूकडे जाते आणि गर्भाशयाची वाढ खुंटते. दहा वर्षांनी आपल्या आनंदीबाई जोशी तिकडे डॉक्टर व्हायला गेल्या, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता. पदवीधर बायकांच्या संघटनेने उत्तर दिलं ते आकड्यांनी. ७०५ पदवीधर स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी १८८५ साली छापून आली. शिक्षणाने तब्येत ढासळते याला तिच्यात आधार मिळाला नाही.

तरी भीती राहिलीच. शिकून मुली आजारी पडल्या असं कुणी म्हणू नये, म्हणून कॉलेजांनी व्यायामशाळा काढल्या. म्हणजे खेळ आला तोही औषध म्हणून! १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये बास्केटबॉलचा जन्म झाला. जवळच्याच स्मिथ या मुलींच्या कॉलेजात सेन्डा बेरेन्सन या तरुण शिक्षिकेने तो लगेच मुलींना शिकवला. १८९३ च्या मार्चमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, पुरुष प्रेक्षकांना मज्जाव करून. बेरेन्सनबाईंनी नियमही मवाळ केले. मैदानाचे तीन भाग. आपला भाग सोडायचा नाही. चेंडू तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही. दुसरीच्या हातातून हिसकायचा तर नाहीच नाही. आज हसू येतं. पण मी त्यांना नावं ठेवणार नाही. या तडजोडीमुळेच मुलींच्या हाती चेंडू राहिला असावा.

१८९६ च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुली सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकींशी खेळल्या. प्रेक्षक सगळ्या बायका. स्टॅनफर्ड २-१ ने जिंकलं. तीनच वर्षांत, १८९९ साली, स्टॅनफर्डने मुलींचे बाहेरच्या संघांशी सामने बंद केले. त्याच वर्षी तिथे विद्यार्थिनींच्या संख्येवर ५०० ची मर्यादाही आली. मुली अशाच वाढल्या तर हे बायकांचं कॉलेज होईल, ही धास्ती. ती मर्यादा १९३३ पर्यंत टिकली. हे दोन निर्णय शेजारी ठेवून बघा.

आणि मुलांचं काय? १९०५ च्या एका हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना अठराच्या आसपास तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं, १९०६ साली नियम बदलले. काही कॉलेजांनी तो खेळ थांबवलाही. पण पुरुषाचं शरीरच स्पर्धेच्या लायकीचं नाही, असं कुणी म्हटलं नाही.

आता जरा अवघड भाग. १९२३ साली लू हूव्हर यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या खेळांसाठी एक राष्ट्रीय विभाग स्थापन झाला. त्यातल्या बहुतेक जणी क्रीडाशिक्षिका. त्यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनाच विरोध केला. त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. मुलांच्या खेळात तिकिटांचा पैसा आणि जिंकण्याचा हव्यास शिरलेला त्यांना दिसत होता. पाच-दहा जणींनी चमकण्यापेक्षा सगळ्याजणी खेळोत, असं त्या म्हणत. म्हणून वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली मिसळून संघ करायचे, दिवसभर खेळायचं, शेवटी फराळ. मला हे मनापासून आवडतं. पण जिला जिंकायचंच होतं, जिला आपण किती वेगाने धावतो ते बघायचं होतं, तिने कुठे जायचं? तिला कुणी विचारलं नाही. या विभागाने १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांनी उतरण्यालाही विरोध केला.

आणि जपायचं होतं ते कोणाला? अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत १९२९ साली मुलींचा धावण्या-उड्यांचा संघ उभा राहिला. १९३७ साली तो राष्ट्रीय विजेता झाला. सगळ्याच कृष्णवर्णीय कॉलेजांत असं घडलं नाही, काहींनी गोऱ्यांचीच री ओढली. पण टस्कीगीत शिकलेल्या अ‍ॅलिस कोचमनने १९४८ साली लंडनला उंच उडीत सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. 'नाजूक बाई' ही गोऱ्या सुखवस्तू घरातली कल्पना होती. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईला "जपून गं, गर्भाशयाला त्रास होईल" असं कोण म्हणतं?

दुपारच्या गटचर्चेला आपापल्या भागातल्या कॉलेजचे आणि होस्टेलचे नियम घेऊन बसा. प्रत्येक नियमापुढे लिहा: तो कोणी केला, मुलींना विचारून केला का, आणि तसाच नियम मुलांना आहे का. बायकांनीच केलेले नियम वेगळ्या कागदावर घ्या. त्यांच्यावर आपल्याला जास्त वेळ लागणार आहे.