'मंजुघोषे'चें पुनर्वाचन



मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत कांहीं पुस्तकें अशीं आहेत कीं, तीं वाचणारांपेक्षां त्यांना नांवें ठेवणारेच संख्येनें अधिक. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही १८६८ सालची कादंबरी त्यांपैकीं एक होय. शाळा-महाविद्यालयांतून तिचा उल्लेख होतो तो बहुधा एका ओळीचा, आणि त्या ओळींत 'अद्भुतरम्य' हें विशेषण ठरलेलें असतें. विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत तेवढें लिहिलें कीं त्याच्या पदरांत गुण पडतात. हें पुस्तक मीं विद्यार्थिदशेंत एकदां वाचलें होतें. गेल्या पावसाळ्यांत, अकोल्यास घरीं बसून, पुन्हां वाचलें. दोन वाचनांमध्यें सुमारें पन्नास वर्षें लोटलीं आहेत. तेवढ्या अवधींत माझें त्याविषयींचें मत पालटलें. तें कोठें पालटलें आणि कोठें पालटलें नाहीं, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

न पालटलेल्या भागाचा निकाल आधीं लावतों. 'मंजुघोषे'ची भाषा अतिशय सालंकृत आहे. मुखाला चंद्र, नेत्रांना कमळ आणि गतीला हंस, हे सारे दागिने संस्कृत काव्यांच्या पेटींतून उसने आणलेले असून ते वारंवार अंगावर घातलेले दिसतात. सज्जन तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सज्जन, दुर्जन तो तसाच दुर्जन. मधल्या माणसाला या राज्यांत ठाव नाहीं. संकटें येतात तीं कथानकाच्या सोयीनें, आणि टळतात तींही त्याच सोयीनें. कथेंत विमान आहे. तें कसें उडतें याची लेखकाला फारशी काळजी नाहीं. आपल्या पुराणांतील पुष्पक विमानाविषयीं तरी ती कोणीं केली होती? हे दोष मीं पूर्वीं वहींत टिपून ठेवले होते आणि त्यांतील एकही आज खोडण्याचें कारण दिसत नाहीं. पुस्तक निघून चार वर्षें होतात न होतात तोंच, १८७२ सालीं, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं 'नावल व नाटक' यांविषयींच्या आपल्या निबंधांत, कथा स्वाभाविक असावी, माणसें खऱ्या माणसांसारखीं असावीं, असा आग्रह धरला होता. तो आग्रह रास्तच होता.

मग पालटलें तें काय? माझें लक्ष या वेळीं गोष्टीच्या आधीं प्रस्तावनेवर खिळलें. रिसबुडांची ती प्रस्तावना आतां अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. तिचा आशय थोडक्यांत असा: आपल्या लोकांतील विवाहाच्या रीतीमुळें आणि अशाच दुसऱ्या कित्येक कारणांमुळें, मन वेधून घेतील असे सद्‌गुणही आम्हां हिंदूंच्या आयुष्यांत आढळत नाहींत आणि दुर्गुणही आढळत नाहींत, कादंबरी लिहूं पाहणाराची ही मोठीच अडचण आहे. नित्याच्या अनुभवांतलें लिहावें तर त्यांत चमत्कृति कांहींच नाहीं; म्हणून मनोरंजक ग्रंथ करावयाचा तर अद्भुताची कांस धरणें भाग पडतें.

तरुणपणीं या वाक्यांवरून माझी नजर सरळ पुढें गेली होती, कारण पुढें विमान होतें. आतां तीं वाचलीं आणि पुस्तक मांडीवर मिटून बराच वेळ बसून राहिलों. असा विचार करून पाहा. ज्या इंग्रजी नावलांकडे पाहून ही पिढी लिहूं लागली, त्यांचा सारा गाडा कशावर चालतो? एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांस भेटतात, त्यांचीं मनें एकमेकांकडे ओढलीं जातात, शंका येतात, गैरसमज होतात, आणि तीनशें-चारशें पानांनंतर लग्न होऊन पडदा पडतो. आमच्याकडे मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं उरकलेलें असे. मन म्हणून कांहीं वस्तु आहे याची जाणीव होण्यापूर्वींच त्याचा निर्णय दुसऱ्यांनीं करून टाकलेला असे. तिकडील कथेचा जो शेवट तो आमच्याकडील आयुष्याचा आरंभ! मग लेखकानें नायिका आणावी कोठून? अठरा वर्षांची, अविवाहित, स्वतःच्या इच्छेचा उच्चार करणारी मुलगी पुण्या-मुंबईच्या कोणत्या वाड्यांत त्याला भेटणार होती? ती राजकन्याच असावी लागे, तिचें राज्य नकाशावर नसावें लागे, आणि तिथवर पोंचावयाला विमानच लागे.

म्हणजे ज्याला आम्ही वास्तवापासून पळून जाणें म्हणत आलों, त्याच्या दारावरच लेखकानें वास्तवांत काय कमी आहे तें लिहून ठेवलें होतें. कादंबरी कशीही असो, तिच्या लेखकानें आपल्या समाजाच्या विवाहपद्धतीवर असा बोट ठेवणारा शेरा इतक्या शांतपणें मारावा, आणि तोही मनोरंजनाच्या सबबीखालीं, ही गोष्ट मला आतां सामान्य वाटत नाहीं.

नायिका आणली कोठून, याचें उत्तर मराठी भाषेनें स्वतःच्या नांवांत जपून ठेवलें आहे. इंग्रजींतील नावलाला गुजराथींत नवलकथा म्हणतात, बंगालींत व हिंदींत उपन्यास म्हणतात. मराठींत आणि कानडींत आपण म्हणतों कादंबरी. आणि कादंबरी हें सातव्या शतकांत श्रीहर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें निर्माण केलेल्या एका गंधर्वराजकन्येचें नांव आहे. बाणाची ती कथा अपुरी राहिली आणि त्याच्या मुलानें ती पुरी केली. तिच्यांत पोपट गोष्ट सांगतो, शापानें माणसें जन्म पालटतात, चंद्र पृथ्वीवर राजपुत्र होऊन येतो. परंतु हा सारा चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून केवळ दोन मुलींकडे पाहा. महाश्वेता अच्छोद सरोवराच्या कांठीं एका मुनिकुमाराला पाहते आणि तिचें मन तिच्या ताब्यांत राहत नाहीं. पुढें तो निवर्तला तेव्हां तिनें व्रत धरलें. तें तिनें स्वतः धरलें, कोणीं लादलें नाहीं. तिची सखी कादंबरी म्हणते, ही अशी दुःखांत असतां मीं लग्न करणार नाहीं; आणि आईबाप तिच्यावर हुकूम सोडीत नाहींत, तर तिची समजूत घालावी म्हणून महाश्वेतेलाच निरोप धाडतात. 'मीं लग्न करणार नाहीं' हें वाक्य मुलीनें उच्चारावें आणि आईबापांनीं तें ऐकून घ्यावें! १८६८ सालच्या पुण्यांत हें पोपटाच्या बोलण्याहून कमी अद्भुत होतें काय?

येथें मला माझ्या आजीची आठवण सांगितली पाहिजे. तिचें लग्न १९१० च्या सुमारास, तिच्या नवव्या वर्षीं झालें आणि ती अकोल्यास सासरीं आली. अक्षरओळख तिला आजोबांनीं करून दिली, तीही रात्रीं, दिवा बारीक करून. घरांतल्या एका पेटींत जीं चार-पांच जुनीं पुस्तकें होतीं त्यांत 'मंजुघोषा' होती. चातुर्मासांत लक्ष वातींचा नेम असे. दुपारीं सरकी काढलेल्या कापसाच्या वाती वळतां वळतां ती आम्हां मुलांना त्या पुस्तकांतल्या गोष्टी सांगे. आम्हांला विमान हवें असे. ती मात्र विमानाचा भाग चार शब्दांत आटपी आणि दुसऱ्याच ठिकाणीं रेंगाळे. "अन् मग तिनं त्याला पाहिलं हं," असें म्हणून ती थांबे. "तिनं स्वतः पाहिलं." मग हातांतली वात दोनदां वळली जाई. तें थांबणें मला त्या वयांत गोष्टींतला कंटाळवाणा भाग वाटे. गेल्या पावसाळ्यांत पुस्तक वाचतांना मीं त्याच जागीं आलों आणि पान उलटवेना.

आतां थोडा कालक्रम पाहूं, कारण या बाबतींत एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. ती अशी कीं, मराठी कादंबरी बाल्यावस्थेंत परीकथा सांगत होती आणि वयांत आल्यावर खरें बोलूं लागली. परंतु बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें. त्यांत विधवांची दैना आहे आणि ती या देशांतली, त्या काळांतली आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, आणि 'मंजुघोषा' त्यानंतर सात वर्षांची. म्हणजे खरें आधीं बोलून झालें होतें. अद्भुत त्याच्या मागून आलें. पदमनजींच्या पुस्तकाला ख्रिस्ती धर्मप्रसाराचा वास असल्यामुळें आमच्या घरांनीं तें दूर ठेवलें, हें खरेंच; तथापि तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. माझ्या मतें वाचकांना दुःखाच्या वर्णनाआधीं सुखाचें एखादें चित्र हवें होतें. आपण कशाला मुकलों आहोंत हें कळल्यावांचून मुकल्याचें दुःख नीट वाचतां येत नाहीं.

रिसबुडांच्या प्रस्तावनेंतील अर्धा भाग मात्र मला मुळींच मान्य नाहीं. नित्याच्या अनुभवांत कांहीं वेधक नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. तें ओसरीवर बसून म्हटलें. माजघरांत त्यांनीं डोकावून पाहिलें नाहीं. तें काम हरि नारायण आपट्यांनीं केलें. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' पत्र काढलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. लहानपणीं झालेलें लग्न, पतीनें प्रेमानें शिकविणें, पुढें वैधव्य, आणि शंकरमामंजींनीं बळजबरीनें केलेलें केशवपन, या सर्वांत नित्याच्या अनुभवाबाहेरचें एक अक्षर नाहीं. आणि तरी तें वाचून घरोघर लोकांच्या डोळ्यांना पाणी आलें. रिसबुडांनीं जेथें रिकामी जागा दाखविली होती, तेथेंच आपट्यांनीं कुदळ मारली.

याच आपट्यांच्या अध्यक्षतेखालीं १९१२ सालीं आठवें मराठी साहित्य संमेलन अकोल्यास भरलें. वऱ्हाडच्या त्या काळच्या वकील-शिक्षकांच्या दृष्टीनें तो मोठा समारंभ होता. माझी आजी त्या वर्षीं अकरा वर्षांची, त्याच गांवांत सासरीं. यमूला जन्म देणारा माणूस आपल्या घरापासून हांकेच्या अंतरावर येऊन गेला, हें तिला कधींच कळलें नाहीं. संमतिवयाचा कायदा १८९१ सालीं झाला होता, पण तो लग्नाच्या वयाला हात लावीत नव्हता. शारदा कायदा १९२९ सालचा, आणि त्यानेंही मुलीच्या लग्नाची मर्यादा चौदा वर्षांवरच आणली.

अद्भुत कथानक आणि सुधारणेची तळमळ यांचें वैर नाहीं, याला वऱ्हाडांतलेंच आणखी एक प्रमाण आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं अकोला, खामगांव, जळगांव-जामोद येथें वकिली केली. त्यांच्या नाटकांतील कथानकें किती गुंतागुंतीचीं आणि असंभाव्य असत, याविषयीं टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे आणि तें खोटें नाहीं. परंतु 'मूकनायकां'त मद्यपान आणि 'मतिविकारां'त विधवाविवाह हे प्रश्न होतेच. त्यांच्या 'गाणारें यंत्र' या कथेला मराठींतील विज्ञानकथेच्या आरंभींच्या काळांत जागा देतात. कायद्याच्या कलमांत दिवस घालविणाऱ्या या गृहस्थाला रात्रीं कल्पितांची गरज कां वाटावी, हा प्रश्न मला आतां तितका अवघड वाटत नाहीं.

या सर्वावरून 'मंजुघोषा' ही थोर कादंबरी आहे असें मीं म्हणतों, असा ग्रह कृपा करून करून घेऊं नये. यमूच्या शेजारीं मंजुघोषा बसवली तर ती रंगविलेली बाहुली दिसते, आणि ती बाहुलीच आहे. फरक पडला आहे तो इतकाच कीं, बाहुली कोणीं, कोणासाठीं आणि काय नव्हतें म्हणून केली, याकडे मीं आतां पाहतों. वाङ्मयेतिहासाच्या त्या एका ओळींतलें 'अद्भुतरम्य' हें विशेषण तसेंच राहूं द्यावें. त्याच्या पुढें प्रस्तावनेंतला तो विवाहाच्या रीतीविषयींचा उल्लेख तेवढा जोडावा, म्हणजे विद्यार्थ्याला पुस्तक उघडून पाहण्याचें कारण मिळेल.

ज्या श्रोत्यांना एखाद्या जुन्या वाचनालयांत ही कादंबरी हातीं लागेल, त्यांना एक सुचवावेंसें वाटतें. आरंभीं प्रस्तावना वाचावी. मग गोष्ट वाचावी, आणि वर्णनें फार लांबलीं तर तीं खुशाल गाळावीं. त्यांत कांहीं बिघडत नाहीं. विमान आलें कीं मुलांना वाचून दाखवावें. नायिका जेथें प्रथम डोळे वर करून पाहते तेथें जरा सावकाश जावें. पुस्तक संपल्यावर प्रस्तावना पुन्हां एकदां वाचावी, आणि त्याच रात्रीं 'पण लक्षांत कोण घेतो?'चें पहिलें प्रकरण उघडावें.