विचारसभेची आचारसंहिता

(खानदेशातील व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एकाच व्यवसायातील माणसे एकत्र येतात, तेव्हा त्यांच्याजवळ बोलण्यासारखे पुष्कळ असते. जळगावच्या वैद्यकांची बैठक असो, धुळ्याच्या वकिलांचे अभ्यासमंडळ असो, रावेर-यावलच्या केळीबागांना सल्ला देणाऱ्या कृषितज्ज्ञांचे चर्चासत्र असो. प्रत्येकाच्या गाठी वर्षांचा अनुभव असतो. तरीही अशा बैठकांतून परतताना अनेकांच्या मनात खंत उरते. दोघा ज्येष्ठांची खडाजंगी झाली, मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि मागच्या रांगेतील तरुण विचारायचे ते न विचारताच घरी गेला. पुढच्या बैठकीला तो येत नाही. त्याची रिकामी खुर्ची कुणाच्या लक्षातही येत नाही. परंतु त्या व्यवसायाचे खरे नुकसान तिथेच झालेले असते.

म्हणून चर्चेला आचारसंहिता हवी. ही कल्पना परक्यांकडून उसनी आणावी लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ‘तद्विद्यसंभाषा’ असा विषय आला आहे. एकच विद्या जाणणाऱ्यांनी आपसांत करावयाची चर्चा, असा त्याचा अर्थ. वैद्याने वैद्याशी बोलावे, कारण त्यामुळे ज्ञान वाढते, ऐकलेल्या विषयातील संशय फिटतो, बोलण्याचे सामर्थ्य येते आणि एरवी सहजी न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही कळतात, असे चरकाचे म्हणणे आहे. पुढे तो चर्चेचे दोन प्रकार करतो. स्नेहभावाने होणारी ती संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने होणारी ती विगृह्यसंभाषा.

संधायसंभाषा कुणाशी करावी? जो ज्ञानी आहे, रागीट नाही, मत्सरी नाही, ज्याला समजावता येते आणि जो दुसऱ्यालाही समजावू शकतो, ज्याची वाणी गोड आहे, अशाशी. आणि ती कशी करावी? निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे. विचारले असता स्पष्ट उत्तर द्यावे. हरण्याच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये. समोरच्याचे म्हणणे खोडून निघाले तर हर्षभरित होऊ नये आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये. मोहाने एकच बाजू धरून बसू नये. समोरच्याला जो विषय ठाऊकच नाही, त्यावरून त्याला पेचात धरू नये. आज एखाद्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी नियम लिहावयास घेतले, तर याहून वेगळे काय लिहिणार?

विगृह्यसंभाषेविषयी चरक एक इशाराही देतो. अशा वादात काहींचा क्रोध भडकतो आणि क्रुद्ध मनुष्य काय बोलेल, काय करील याचा नेम नसतो. सभेत हा अनुभव कुणाला आला नाही?

न्यायदर्शनाने हाच विवेक अधिक बारकाईने केला. प्रमाण आणि तर्क यांच्या साह्याने सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो, ज्यात शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडत राहणे ही वितंडा. शब्दच्छलाचे एक मौजेचे उदाहरण न्यायभाष्यात आहे. कुणी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याच्याजवळ नवे कांबळे आहे. त्यावर छलवादी विचारतो, याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर दिसते! ‘नव’ या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीतही जिवंत असल्याने ही लबाडी आपल्याला सहज कळते. पण सभेत कुणी वक्त्याचा एक शब्द पकडून त्याला असेच अडवले, की हशा पिकतो, टाळ्या पडतात आणि वक्त्याचे मूळ म्हणणे हरवून जाते.

जल्प आणि वितंडा सर्वथा त्याज्य आहेत, असेही न्यायसूत्रे म्हणत नाहीत. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्वाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग सांगितला आहे. खानदेशातील शेतकऱ्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. कुंपण बांधावर असते. शेतभर काटेच पसरले, तर पेरायचे कुठे?

ही झाली शास्त्राची बाजू. ती व्यवहारात उतरू शकते काय, याचे उत्तर शोधण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. बोरी नदीच्या काठी अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. गिरणीच्या उत्पन्नातून एका व्यापाऱ्याने तत्त्वचिंतनासाठी संस्था चालवावी, हे त्या काळी नवलच होते. देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून अभ्यासक तिथे येऊन राहिले. घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती हे त्यांपैकी तिघे. मलकानी सिंधचे, दास बंगालचे, तर मूर्ती दाक्षिणात्य. पुढे बौद्ध माध्यमिक दर्शनावरील ग्रंथामुळे मूर्तींची कीर्ती जगभर झाली.

अद्वैत वेदान्तातील अज्ञान, म्हणजेच अविद्या, या कूट प्रश्नावर या तिघांनी विचार केला. १९३३ साली ‘अज्ञान’ याच नावाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तिघांनी आपापली मांडणी स्वतंत्रपणे केली. एकाच संस्थेच्या छायेत राहणाऱ्या माणसांनी मतभेद झाकून एकमताचा देखावा उभा केला नाही, किंवा तीन निरनिराळ्या चुली मांडून परस्परांवर टीकाही झोडली नाही. भिन्न मांडण्या एकाच पुठ्ठ्यात बांधल्या आणि निवाडा वाचकावर सोडला. संधायसंभाषेचा याहून ठसठशीत नमुना कोणता द्यावा?

अमळनेरहून धुळे फार दूर नाही. पांझरेच्या काठच्या या नगरीने दुसरा धडा दिला आहे आणि तो थोडा कठोर आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळली आणि या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. १९१० साली खं. चिं. मेहेंदळे यांच्या साह्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मूळ कागद पुढे ठेवावा, त्यावर निबंध वाचावा, जाणकारांनी तो तपासावा आणि झालेले काम छापून ठेवावे, ही शिस्त त्या मंडळाने महाराष्ट्राला लावली.

परंतु राजवाडे जितके विद्वान, तितकेच प्रखर स्वभावाचे. मतभेद झाले आणि ज्या मंडळाची स्थापना त्यांनी केली, त्याच मंडळापासून ते दूर झाले. अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. धुळेकरांनी १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारले व त्यांचा कागदपत्रांचा संग्रह जपला. खानदेशाच्या पदरी मोठा ठेवा पडला, हे खरे. पण संस्थापक आणि संस्था यांची ताटातूट झाली, हेही तितकेच खरे. एवढ्या थोर पुरुषाच्या बाबतीत जे घडले, ते सामान्यांच्या मंडळात घडायला कितीसा वेळ लागतो? म्हणूनच नियम आधी ठरलेले असावे लागतात. भांडण पेटल्यावर केलेला नियम एका पक्षाला दुसऱ्याचे शस्त्रच वाटतो.

राजवाड्यांनी लावलेली पुराव्याची शिस्त मात्र त्यांच्या मागेही कामी येत राहिली. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद सर्वांना ठाऊक आहे. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ साल, ही तिथी दीर्घकाळ मानली जात होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. १९२७ साली कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ छापले गेले आणि त्यातही तीच तिथी आढळली. १९६६ साली राज्य शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झाले नाही. अखेर २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक स्वीकारला. शिवरायांवरील भक्ती दोन्ही बाजूंची सारखीच होती. प्रश्न भक्तीचा नव्हताच; कागदाचा होता. एका शकावलीला दुसऱ्या, स्वतंत्र ग्रंथाचा दुजोरा मिळाला, तेव्हा पारडे झुकले. आवाज चढवून ते झुकले नसते.

आता या साऱ्यातून आपल्या रोजच्या सभांसाठी काय घ्यावे?

पहिली गोष्ट, पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले यांत भेद करून बोलावे. केळीवरील मोझॅक रोगाचे उदाहरण घ्या. हा विषाणुजन्य रोग मावा या किडीमार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय पिकांवरही तो आढळतो. एखाद्या गावात लागण झाली, की एक तज्ज्ञ रोपांना दोष देतो, दुसरा शेजारच्या वेलवर्गीय पिकांना. ‘अमुक बागेत इतकी झाडे रोगट दिसली’ हे निरीक्षण झाले. ‘रोग रोपांतूनच आला’ हे अनुमान झाले. दोन्ही एकाच ठाम स्वरात सांगितली, तर ऐकणाऱ्या शेतकऱ्याने काय करावे? चूक सल्ल्याने बाग उपटण्याची पाळी त्याच्यावर येते, तज्ज्ञावर नव्हे.

दुसरी, खंडन करण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडावे आणि ‘हेच ना तुमचे म्हणणे?’ असे विचारावे. आपले भाष्यकार आधी पूर्वपक्ष मांडतात, मग सिद्धान्त. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष पाडण्यात पुरुषार्थ नाही.

तिसरी, आक्षेप विधानावर घ्यावा. वक्त्याची पदवी, त्याचे गाव, त्याची जात, त्याचे वय, त्याचे गुरू यांचा उल्लेख आला, की समजावे, युक्तिवाद संपला. हा नियम ज्येष्ठांनी आधी पाळावा. ज्येष्ठाने भरसभेत उडवलेली खिल्ली कनिष्ठ जन्मभर विसरत नाही.

चौथी, ज्या वस्तूची शिफारस करावयाची, तिच्याशी आपला आर्थिक संबंध असेल तर तो आरंभीच सांगावा. औषध, खत, यंत्र, सॉफ्टवेअर, काहीही असो. संबंध असणे हा दोष नाही. तो दडवून ठेवणे हा दोष आहे. ज्ञानसभेला बाजाराचे रूप येते ते अशा मौनातून.

पाचवी, विश्वासाने हाती आलेली माहिती सभेत उघडी करू नये. रुग्णाचे दुखणे चर्चेला घ्यावे, रुग्णाचे नाव नको. पक्षकाराचा प्रश्न मांडावा, ओळख पटेल असा तपशील गाळावा. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत आडनाव न सांगताही माणूस ओळखला जातो, हे ध्यानात ठेवावे. वैद्यकांसाठी भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००२ साली केलेल्या आचारनियमांत सल्लामसलतीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तीत ईर्ष्या वा स्पर्धा नसावी, उपचार करणाऱ्या वैद्यावरील रुग्णाचा विश्वास डळमळेल असे बोलू नये आणि अशी चर्चा रुग्णासमोर करू नये, असे तिथे सांगितले आहे. रुग्णाचे हित सर्वांत वरचे मानले आहे. याचा अर्थ सहकाऱ्याची चूक झाकावी असा मुळीच नाही. ती त्याला स्पष्ट सांगावी, योग्य जागी सांगावी आणि रुग्णाचे हित धोक्यात असेल तर विनाविलंब सांगावी. सौजन्याच्या नावाखाली गप्प राहणे हाही आचारभंगच होय.

सहावी गोष्ट अध्यक्षांची. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादात मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती निर्णयकर्ती होती, अशी परंपरेची कथा आहे. प्रतिपक्षाच्या घरातील व्यक्तीवर आचार्यांनी विश्वास टाकला, यातच निर्णयपदाची योग्यता दिसते. अध्यक्षाने वेळ सर्वांना सारखा द्यावा. मित्राला आवरताना त्याची जीभ अडखळू नये. आणि समारोपापूर्वी जे बोलले नाहीत, त्यांना आवर्जून विचारावे.

शेवटची, सभेचे इतिवृत्त लिहावे आणि त्यात अल्पमतही नोंदवावे. आज एकटा पडलेला माणूस दहा वर्षांनी बरोबर ठरू शकतो. त्या वेळी नोंद नसेल, तर साऱ्यांनाच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एखाद्याने पुरावा पाहून मत बदलले, तर तेही सन्मानाने लिहावे. त्याला ‘हरला’ म्हणणाऱ्या सभेत पुन्हा कुणी मत बदलणार नाही.

समर्थ रामदासांनीही मनाच्या श्लोकांत वाद आणि संवाद यांतील अंतर साधकाला समजावले. समर्थांचे हस्तलिखित वाङ्मय गोळा करण्याचे आणि जपण्याचे मोठे कार्य शंकरराव देवांनी धुळ्यातच केले. चरकापासून समर्थांपर्यंत सांगणाऱ्यांची वाण नाही. उणीव आहे ती पाळण्याची.

तेव्हा आपापल्या मंडळाच्या पुढील बैठकीत या सात गोष्टी कागदावर लिहून, सर्वांच्या संमतीने, आरंभी वाचून दाखवाव्यात. एखादा नियम पटला नाही तर त्यावरच प्रथम चर्चा करावी. आणि ती चर्चा उरलेल्या सहा नियमांनी करावी. मागच्या रांगेतील तरुणाने त्या दिवशी हात वर केला, तर संहिता रुजू लागली असे समजावे.