प्रोबेशन मिळालं म्हणजे सुटला का?

मी रायपूरच्या बूढापाऱ्यात वकिली करतो. दारू पिऊन गाडी चालवताना पोरगा सापडला की घरचे विचारतात, "वकीलसाहेब, प्रोबेशन मिळालं की सुटला ना?"

नाही. आधी एक घोळ मिटवू. 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ती जामिनाची अट होती. जामीन निकालाआधीचा असतो. प्रोबेशन मिळतं ते गुन्हा सिद्ध झाल्यावर.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 बघा. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. हे चौकात पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं.

तिथे दोषी ठरल्यावर 1958 च्या प्रोबेशन कायद्याचं कलम 4 मागता येतं. मागता येतं म्हणतोय, हक्काचं नाही. गुन्ह्याचं स्वरूप, माणसाचं वागणं, राहण्याचा पक्का पत्ता किंवा कामधंदा, सगळं बघून न्यायाधीश ठरवतात. बेदरकार गाडीखाली माणूस गेला असेल तर आशा धरू नका. सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये दलबीर सिंग खटल्यात त्याबद्दल कडक भाषा वापरली आहे.

मिळालं, तर कोर्ट शिक्षा सुनावतच नाही, राखून ठेवतं. आरोपी बंधपत्र लिहून देतो: जास्तीत जास्त 3 वर्षं नीट वागेन, बोलावलं की शिक्षा घ्यायला हजर होईन. प्रोबेशन अधिकाऱ्याची देखरेख लावली तर ती किमान वर्षभराची. दारूला हात लावायचा नाही, अशी अटही घालता येते. कायद्यातच तसं लिहिलंय.

अट मोडली तर? पहिल्या चुकीला कोर्ट 50 रुपयांपर्यंत दंडावर भागवू शकतं. हो, 50च, आकडा 1958 चा आहे! पण त्याच चुकीवर मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं. 50 रुपयांवर हसणाऱ्यांना मी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचायला लावतो.

नोकरीचंही लक्षात ठेवा. प्रोबेशनने दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी खातं त्या वर्तनावरून कारवाई करू शकतं.

आणि पोट गाडीवरच असेल, तर लायसन्सचा मुद्दा वेगळा मांडायला सांगा. मोटार कायद्याचं कलम 20 या गुन्ह्यात किमान 6 महिने अपात्र ठरवा म्हणतं. प्रोबेशन कायद्याचं कलम 12 दोषसिद्धीमागून येणारी अपात्रता लागू नाही म्हणतं. दोन्ही कलमं कोर्टापुढे ठेवा, आणि लायसन्सचं काय झालं ते आदेशातच लिहून मागा.