सुरमईची धांव



नंदुरबारच्या एका शाळामास्तरानें समुद्रांतील माशावर बोलावें, याचें कोणास नवल वाटेल. आमच्या जिल्ह्यास समुद्र नाहीं. येथील आठवडे बाजारांत त्याची ओळख होते ती सुक्या बोंबलांच्या वासानें. परंतु प्रकाशें येथें आमच्या डोळ्यांसमोरून वाहणारी तापी सुरतेपुढें त्याच अरबी समुद्रास मिळते, आणि तेथून दक्षिणेस पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोळी व गाबीत बांधव ज्या मासळीची वाट पाहत असतात, तींत सुरमईचा मान मोठा आहे.

नदीकांठच्या लोकांस मरळ मासा ठाऊक असतो. तो पाणवनस्पतींत दबा धरून बसतो, भक्ष्य जवळ आलें कीं झडप घालतो, आणि पाणी आटूं लागलें तर वर येऊन हवेंतला श्वासही घेतो. सुरमईचें सारें याच्या उलट. बहुतेक माशांच्या पोटांत हवेची एक पिशवी असते व तिच्या आधारें ते एका जागीं तरंगत राहूं शकतात. सुरमईस ती नाहीं. थांबली कीं ती खालीं जाऊं लागणार. शिवाय या कुळांतील मासे तोंड किंचित् उघडें ठेवून पोहतात, व पोहण्याच्या वेगानेंच पाणी त्यांच्या कल्ल्यांतून वाहत राहतें. चालणें आणि श्वास घेणें हीं तिचीं दोन कामें नव्हेतच, एकच आहे.

ज्या घरीं मासे होतात तेथें पुढच्या वेळीं तुकडी जरा निरखून पाहावी. तिच्या दोन्ही बाजूंस, कातडीलगत, तांबूस काळसर मांसाचा एक पट्टा दिसेल. कित्येक सुगरिणी तो काढून टाकतात. सुरमईचा संसार मात्र त्यावरच चालतो. त्यांत रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तो न थकतां रात्रंदिवस शेपूट हालवीत राहतो. उरलेलें फिकट मांस झेपेपुरतें राखलेलें. तें जोर फार करतें, पण लवकर दमतें.

या झेपेसाठीं देहही तसाच घडलेला. खवले अगदीं बारीक, पाठीवरचा पुढील पर खांचेंत मिटणारा, शेपूट चंद्रकोरीसारखें. पाठ काळसर निळी, पोट रुपेरी, अंगावर उभे नागमोडी पट्टे; वरून पाहणाऱ्यास ती खोल पाण्यांत मिसळते, खालून पाहणाऱ्यास उजेडांत. तारली, मांदेली, माकूळ हें तिचें भक्ष्य. दांत चपटे, त्रिकोणी, सुरीच्या पात्यासारखे. गळाची साधी दोरी ती सहज कापते, म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा बांधावा लागतो. १८०० सालीं लासेपेद या फ्रेंच पंडितानें तिचें शास्त्रीय वर्णन करून कॉमर्सन नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञाची आठवण तिच्या नांवांत ठेविली. रत्नागिरीच्या कोळ्यास त्याचें काय! सुमारें २.४ मीटर लांबी आणि ७० किलोग्रॅम वजन येथपर्यंत ती वाढूं शकते.

आणि हीच धांव तिचा घात करते. पाण्यांत पडद्यासारखें सोडलेलें जाळें कोणाच्या मागें लागत नाहीं. सुरमईच त्यावर येऊन आदळते, डोकें आसांत शिरतें, कल्ल्यांमागें दोरा अडकतो. पुढें जातां येत नाहीं, मागेंही नाहीं. कल्ल्यांतून पाणी वाहावयाचें थांबतें, आणि पाण्यांतच तिचा जीव गुदमरतो.

तिचीं अंडीं लाखांनीं पडतात व पाण्यावर तरंगत राहतात. त्यांतून निघालेलें पिल्लूं सुईएवढें असतांनाच दुसऱ्या माशांचीं पिल्लें गिळूं लागतें. वाढही झपाट्यानें होते. तरी तिला प्रजननक्षम होण्यास दोनेक वर्षें लागतात. तोंवर लांबी ७० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मापानें दीड हात झालेली असते. बाजारांत त्याहून आंखूड सुरमई दिसते, ती बहुधा एकदांही अंडीं न घालतां आलेली. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें ५४ जातींच्या मासळीस पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली, त्या यादींत सुरमईही आहे. पण समुद्रावर प्रत्येक जाळ्यापाशीं मोजपट्टी घेऊन कोण उभें राहणार? गिऱ्हाइकाचा हात मात्र सदैव त्याच्याजवळच असतो. तुकड्या पाडण्यापूर्वीं अख्खा मासा फळीवर असतांना तो कोपरापासून एकदां लावून पाहावा, आणि दीड हात भरत नसेल तर कोळिणीस सांगावें, 'बाई, ही नको, मोठी असेल तर द्या.'