घरातला फोन जिवंत ठेवा
(यवत येथील उन्हाळी व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘गावोगावी फायबर’. फायबर काचेची असते, तिच्यातून उजेड धावतो, हे आता पाचवीतलं पोरही सांगेल. भारतनेटची केबल ग्रामपंचायतींपर्यंत कशी आली, तेही तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. ते सगळं सोडून देतो. माझी उभी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली आणि आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. फायबर जरूर घ्या, पण घरातला लँडलाइन मारू नका.

(मागून आवाज : “तो कधीच मेलाय!” हशा.)

हसा, पण तो का मेला तेही ऐका. तांब्याची जोडी जमिनीतून यायची. रस्त्यांची कामं निघाली, जेसीबीनं केबल उखडली, उरलेलं तांबं चोरांनी नेलं. लोकांना नको होता म्हणून फोन गेला नाही. तार गेली म्हणून गेला. आता तार परत आलीय, काचेची. आणि फायबरच्या पेटीला मागच्या बाजूला फोनची पिन जाईल एवढं एक छोटं भोक असतं. बहुतेक घरांत ते रिकामंच असतं. माझा सगळा जीव त्या भोकात अडकलाय म्हणा ना!

(पुढच्या रांगेतून : “मोबाइल असताना कशाला?”)

सांगतो. मोबाइल माणसाच्या खिशात असतो. माणूस उसाला पाणी द्यायला गेला की मोबाइलही गेला. घरी आजी आणि शाळेतून आलेलं पोर. त्या घराला फोन करायचा तर कोणत्या नंबरवर? आणि तुकोबांची पालखी आपल्याकडे मुक्कामाला येते तो दिवस आठवा. घराघरातून पिठलं-भाकरी चाललेली, गाव माणसांनी भरलेलं, मोबाइलवर रेंजच्या कांड्या दिसतात आणि फोन काही लागत नाही. वारीत चुकलेल्या म्हाताऱ्याचा निरोप घरी कळवायचा असेल तर तारेवरचा फोन लागतो.

आता नंबराचं. २०११ पासून मोबाइलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला ही सोय आपल्या देशात नाही. बीएसएनएलचा जुना फोन परत करून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं, तर आपला ०२११९ चा नंबर गेला. वडिलांनी अर्ज करून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळवलेला नंबर! त्याच नंबरावर फायबर मागा. जुना नंबर कायम ठेवून तांब्यावरून फायबरवर जाता येतं. आधी फोन परत करू नका, आधी बदलून मागा.

इथे एक गोष्ट सांगतो, थोडक्यात. आमच्या नात्यातल्या एक काकू मळ्यातल्या वस्तीवर राहतात. फोनवर क्रोशाचं झाकण, शेजारी नंबरांची वही. मुलानं फायबर बसवून दिलं. इंटरनेट सुरू, फोन मुका. बसवायला आलेला माणूस म्हणाला, “मोबाइल आहे ना?” आणि गेला. मी जाऊन पाहतो तर फोनची वायर अजून भिंतीवरच्या जुन्या डबीत, म्हणजे रोझेटमध्येच. झाकण उघडलं, तांब्याच्या दोन्ही तारा हिरव्या पडलेल्या. वायर काढून पेटीच्या भोकात घातली, तरी टोन नाही, कारण पेटीवरचा फोनचा दिवाच लागलेला नव्हता. काचेवर आवाजही इंटरनेटसारखाच जातो, त्यामुळे आपला नंबर त्या पेटीत कार्यालयाकडून भरून घ्यावा लागतो. ते झालं, टोन आला. आता काकू नंबर फिरवतात, तर लागेना! त्यांचा फोन तबकडीचा. तबकडी खटके देते आणि बहुतेक पेट्यांना खटके कळत नाहीत. बटणांचा फोन आणला, त्याच्या पोटाखालचं पी-टीचं बटण टी वर सरकवलं. तरी मुलीचा मोबाइल लागेना. वहीत नंबर दहा आकडी. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. काकू वही घेऊन बसल्या आणि प्रत्येक मोबाइल नंबराच्या आधी स्वतःच्या हातानं शून्य काढलं. मुलीचा “हॅलो” ऐकल्यावर मला म्हणाल्या, “अगदी शेजारी बसून बोलल्यासारखी ऐकू येतेय रे.” मंडळी, काचेवरचा आवाज खरंच तसा स्वच्छ येतो.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.)

हो, हो. पण विजेचं सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तांब्याच्या जोडीतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट घरापर्यंत यायचे. भारनियमनात अख्खं गाव काळोखात असलं तरी रिसीव्हर उचलला की टोन असायचा. काचेतून वीज येत नाही. घरची लाइट गेली की पेटी बंद आणि फोनही बंद. म्हणून पेटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. बारा व्होल्टचा घ्या, पेटीच्या अडॅप्टरवर आकडा पाहून. आणि कृपा करून पेटीचा प्लग टीव्हीच्या बोर्डात लावू नका. रात्री झोपताना टीव्हीचं बटण बंद करतो आपण. ज्या वेळी फोनची खरी गरज, त्याच वेळी तो आपल्याच हातानं मारतो.

(“तारेच्या त्या टोकाला लाइट गेली तर?”)

अचूक विचारलंत! मधल्या खांबांवरच्या फाट्यांना वीज लागत नाही. पण तार जिथून निघते तिथल्या यंत्राला लागते आणि ते यंत्र कधी एक्स्चेंजमध्ये असतं, कधी गावातल्या केबलवाल्याच्या खोलीत. जोडणी घेतानाच विचारा, “तुमची बॅटरी किती तास टिकते?” गावातल्या दहा घरांनी हा प्रश्न विचारला की बॅटरी येते. एका घरानं विचारून येत नाही, म्हणून तर मी आज इथं उभा आहे.

वेळ संपली म्हणतात. या ताईंचा एकच प्रश्न घेतो. माडीवर दुसरा फोन लागेल का? लागेल. घरातलं जुनं वायरिंग चालतं, पेटी एक-दोन फोन आरामात वाजवते. फक्त बाहेरून येणाऱ्या जुन्या दोन्ही तारा आधी रोझेटमधून काढा, टोकांना टेप लावा आणि मगच पेटीची वायर तिथं जोडा. बाहेरच्या तारेत अजून एक्स्चेंजची वीज असली तर पेटीचं पोर्ट जळू शकतं. एक तार काढून भागणार नाही, दोन्ही काढायच्या. ज्यांना जमणार नाही त्यांनी पेटीच्या मागच्या बाजूचा आणि रोझेटचा फोटो काढून उद्या सकाळी घेऊन या. मी दुपारच्या गाडीपर्यंत गावातच आहे.